रॉयल्टीचं स्टेटमेंट आलं, आता कशात काय घालायचं? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या नव्या मंडळींसाठी

सीमाभागात आता गावोगावी गाणी रेकॉर्ड होतात. खानापूर तालुक्यातलं भजनी मंडळ असो, निपाणीकडची हलगी पार्टी असो, नाहीतर शहापुरातल्या एका खोलीत माइक लावून शिवजयंतीची गाणी करणारी पोरं असोत, गाणं डिस्ट्रिब्युटरमार्फत (म्हणजे आपलं गाणं अॅपांवर चढवून तिथले पैसे आपल्याला आणून देणारी कंपनी) स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिकवर चढतंच. दोन-तीन महिन्यांनी खात्यात थोडे पैसे पडतात आणि सोबत त्यांच्या हिशोबाची एक फाइल येते, तेच स्टेटमेंट. उघडावी तर हजारो ओळी. मग गल्लीत ज्यानं बी.कॉम. केलंय त्याला बोलावणं जातं. "पैसं आल्यात, खरं कुठल्या गाण्याचं ते कळंना झालंय. जरा बघ की."

हा लेख त्या 'जरा बघ की' म्हटल्या गेलेल्या माणसासाठी आहे. एक्सेल किंवा गूगल शीट्स जेमतेम येत असलं तरी चालेल. पिव्हट टेबल (ओळींचे गट पाडून बेरीज देणारी सारणी) आणि लुकअप (दुसऱ्या शीटमधून जुळणारी माहिती शोधून आणणारं सूत्र) एवढं जमलं की बाकी सगळा धीराचा मामला.

आधी हक्क, मग अॅप

नवा माणूस फाइल उघडतो आणि पहिल्यांदा अॅपप्रमाणे गट पाडतो. स्पॉटिफायचे इतके, यूट्यूबचे इतके. दिसायला बरं दिसतं, पण पैसे वाटायची वेळ आली की हा गट काही कामाचा नसतो, कारण स्पॉटिफायकडून निघालेला रुपया कुणाचा हे त्यातून कळतच नाही. म्हणून पहिली फोड हक्काप्रमाणे करायची.

पुढच्या सगळ्या लेखासाठी एक उदाहरण धरू. सौंदत्तीच्या यल्लम्माचं एक गाणं आहे. चाल एकाची. मराठी शब्द निपाणीच्या एका कवीचे, कन्नड शब्द गोकाकच्या दुसऱ्या कवीचे. एकच बाई दोन्ही भाषांत गायल्या. स्टुडिओचा खर्च मंडळानं केला. आपल्याकडे हे अगदी नेहमीचं आहे.

इथं दोन रेकॉर्डिंगं आहेत, मराठी आणि कन्नड. दोन्हींवरचा ध्वनिमुद्रणाचा हक्क मंडळाचा, कारण पैसे त्यांनी घातले (करारात वेगळं लिहिलं असेल तर तसं). चाल मात्र एकच आहे, त्यामुळं दोन्ही रेकॉर्डिंगांतून संगीतकाराचा वाटा येतो. मराठी कवीला फक्त मराठी रेकॉर्डिंगमधून, कन्नड कवीला फक्त कन्नडमधून. गायिकेचा सादरकर्ती म्हणून हक्क आणखी निराळा.

हे पैसे वेगवेगळ्या दारांनी येतात. डिस्ट्रिब्युटरचं स्टेटमेंट म्हणजे रेकॉर्डिंगचे पैसे. आयपीआरएस ही १९६९ पासूनची गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची संस्था. तिचं स्टेटमेंट म्हणजे रचनेचे पैसे. गायकांसाठी इसाम्रा ही वेगळी संस्था, तिथून आले तर ते सादरकर्त्याचे. आणि मंडळाच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर जाहिरातींतून येतात ते चॅनलचे. तुमच्या शीटमध्ये पहिला रकाना 'हक्क' या नावाचा असू दे आणि त्यात चारच शब्द येऊ देत: रेकॉर्डिंग, रचना, सादरकर्ता, चॅनल. पाचवा घालायचा मोह झाला तर थांबा. बहुतेक वेळा तो हक्काचा प्रकार नसून पैसे आलेल्या वाटेचा प्रकार असतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. तेच एक ऐकणं दोन स्टेटमेंटांत दिसू शकतं, डिस्ट्रिब्युटरच्या फाइलमध्ये रेकॉर्डिंग म्हणून आणि आयपीआरएसच्या कागदात रचना म्हणून. रकमा बेरजेला घ्यायच्या, कारण त्या खरोखर दोन वेगळ्या रकमा आहेत. 'किती वेळा वाजलं' हा आकडा मात्र फक्त रेकॉर्डिंगच्या ओळींतून घ्यायचा. नाहीतर मंडळाच्या बैठकीत गाणं आहे त्याच्या दुप्पट गाजल्याचं जाहीर होईल आणि हार-तुरे होऊन जातील.

कायद्याचं थोडं इथंच सांगतो, कारण वर्गवारीशी त्याचा थेट संबंध आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यानंतर चित्रपटाबाहेरच्या गाण्यासाठी गीतकारानं किंवा संगीतकारानं हक्क लिहून दिले, तरी त्या रचनेच्या वापरावरच्या रॉयल्टीत समान वाटा मागण्याचा त्याचा अधिकार जात नाही. म्हणजे 'पाच हजार एकरकमी देऊन विषय संपवला' असं कुणी म्हणालं तरी तो संपत नाही. म्हणून रचनेचा कप्पा कधीही रेकॉर्डिंगच्या कप्प्यात मिसळू नका, रक्कम चिल्लर असली तरी.

अभंगांचं वेगळं. संतांच्या शब्दांवर आज कुणाचा कॉपीराइट नाही. साहित्याचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पण चाल नवी बांधली असेल तर ती बांधणाऱ्याची. अशा गाण्यांपुढं गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' लिहा, रिकामं सोडू नका. रिकामी जागा पाहून सहा महिन्यांनी तुम्हालाच शंका येईल की नाव राहिलं की नव्हतंच.

मूळ फाइलला हात लावायचा नाही

आलेली फाइल जशीच्या तशी एका फोल्डरमध्ये ठेवा. नावात कुणाकडून आली आणि कुठल्या महिन्याचा अहवाल, एवढं असू दे. काम नेहमी प्रतीवर करायचं.

स्टेटमेंट बहुधा सीएसव्ही असतं, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची फाइल. तिच्यावर डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. मराठी-कन्नड नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील ती याच कारणानं. एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. त्याच वेळी अल्बमच्या यूपीसीचा रकाना 'टेक्स्ट' करून घ्या. यूपीसी म्हणजे १२-१३ आकडी बारकोड क्रमांक. एक्सेल त्याला संख्या समजून सुरुवातीची शून्यं खातं, नाहीतर मधेच 'ई+१२' असं काहीतरी लिहून मोकळं होतं. एकदा तसं सेव्ह झालं की मूळ आकडा परत मिळत नाही.

तारखांचंही तसंच. अमेरिकन डिस्ट्रिब्युटर महिना आधी लिहितात. ०४/०९ म्हणजे आपल्याला ४ सप्टेंबर, त्यांना ९ एप्रिल. दिवस १३ किंवा त्याच्या पुढचा असलेली एखादी ओळ शोधा, म्हणजे लगेच उलगडा होतो.

आणि रकमा गोल करू नका. एका ओळीत ०.०००३ डॉलर असे आकडे असतात. दोन दशांश स्थळांवर आणलंत तर हजारो ओळींची बेरीज शून्य येईल. गोल करायचं ते अगदी शेवटी, रुपयांत आणल्यावर.

फाइल फार मोठी झाली तर एक्सेलची मर्यादा लक्षात असू दे: एका शीटवर १०,४८,५७६ ओळी. त्यापुढच्या ओळी तिथं मावतच नाहीत. आपल्याकडच्या मंडळांना सहसा ही वेळ येत नाही, पण एखाद्या स्टुडिओकडं पन्नास कलाकारांचा कॅटलॉग असेल तर तिमाहीप्रमाणे तुकडे करा.

गाण्याची ओळख नावावरून नाही, कोडवरून

प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरांचा कोड असतो. पहिली दोन अक्षरं देशाची, मग तीन नोंदणीधारकाची, मग वर्षाचे दोन अंक आणि शेवटी पाच अंकी क्रमांक. भारताची अक्षरं 'आयएन'. पण खानापूरच्या भजनाचा कोड 'क्यूझेड'नं सुरू झालेला दिसला तर दचकू नका. ती अमेरिकेला दिलेली अक्षरं आहेत, परदेशी डिस्ट्रिब्युटरनं स्वतःच्या साठ्यातून कोड दिला एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून गाणं 'परदेशी' गटात टाकायचं नाही.

जुळवणी कोडवर का करायची, हे एकदा डोळ्यांनी पाहा. फाइलमध्ये देवीचं नाव कुठं यल्लम्मा, कुठं येल्लम्मा, कुठं रेणुका-यल्लम्मा असं सापडेल, कन्नड लिपीत वेगळंच, आणि रोमन लिपीत तर चार-पाच स्पेलिंगं. हे निदान डोळ्यांना दिसतं तरी. न दिसणारं अधिक छळतं. 'वाऱ्यावर' हा शब्द दोन पद्धतींनी टाइप होतो. त्यातला अर्धा र जुन्या कीबोर्डवर एका तऱ्हेनं बनतो, नव्यावर दुसऱ्या. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, पण संगणकाला ते दोन निराळे शब्द. लुकअप एकाला पकडतं, दुसऱ्याला सोडून देतं, आणि तुम्ही तासभर स्क्रीनकडं बघत बसता. 'अॅ' या अक्षराचंही तेच आहे. भजनांत आणखी एक भर: एकच अभंग तुमच्या मंडळाचाही असतो आणि शेजारच्या गावच्या मंडळाचाही, आणि दोघांनी डिस्ट्रिब्युटर एकच धरलेला असतो.

म्हणून एक वेगळी शीट करा, 'गाणी'. त्यात एका ओळीत एक आयएसआरसी. पुढं तुम्ही ठरवलेलं एकच नाव, भाषा, गायक, गीतकार, संगीतकार, आणि एक 'रचना क्रमांक'. आपल्या यल्लम्माच्या गाण्याच्या दोन ओळी होतील, कोड वेगळे, भाषा वेगळी, गीतकार वेगळे. चाल एक असली तरी शब्द निराळे, म्हणून रचना क्रमांकात मी 'य१-म' आणि 'य१-क' असं लिहितो. 'य१'वर गाळणी लावली की संगीतकाराचा सगळा हिशोब एकत्र मिळतो, 'म' आणि 'क'वर लावली की कवींचा वेगवेगळा. आयपीआरएसच्या कागदांत आयएसआरसीऐवजी रचनेचा क्रमांक किंवा नुसतं नाव असण्याची शक्यता जास्त, तेव्हा हा रकाना पुलासारखा उपयोगी पडतो.

भाषेचा रकाना स्वतः भरा. गाणं चढवताना घाईत कुणीतरी कन्नड गाण्याला मराठी निवडलेलं असतं, किंवा सगळ्याच अल्बमला एकच भाषा ठोकून दिलेली असते. स्टेटमेंटमधली भाषा म्हणजे तीच घाईत भरलेली माहिती.

एका ओळीत काय काय असतं

आता प्रत्यक्ष ओळी बघू. आकडे उदाहरणापुरते आहेत.

पहिली ओळ: ऐकलेला महिना डिसेंबर, अहवालाचा महिना मार्च, स्पॉटिफाय, देश भारत, जाहिरातींवर चालणारी फुकट सेवा, ४१२ वेळा, ०.१२७४ डॉलर.
दुसरी ओळ: तेच गाणं, तेच महिने, स्पॉटिफाय, देश संयुक्त अरब अमिराती, पैसे भरून घेतलेली सेवा, ३८ वेळा, ०.११०२ डॉलर.

भागाकार करा. पहिलीत एका ऐकण्याला ०.०००३१ डॉलर, दुसरीत ०.००२९. जवळजवळ नऊपट. स्पॉटिफायचा 'दर' विचारणाऱ्याला उत्तर देता येत नाही ते यामुळंच. या सेवा दर ठरवून पैसे देत नाहीत. त्या-त्या देशातल्या आणि त्या-त्या प्रकारच्या कमाईचा एक साठा असतो आणि एकूण ऐकण्यातल्या तुमच्या हिश्शाप्रमाणे त्यातून वाटा मिळतो. म्हणून 'देश' आणि 'प्रकार' हे दोन रकाने एकत्र ठेवूनच सरासरी काढायची. सगळं एकत्र करून काढलेली सरासरी कुणाच्याच उपयोगाची नसते. दुबईत नोकरीला असलेल्या आपल्या चार पोरांनी गाणं लावलं तर ती महिनाभर वर जाते.

प्रकाराचे कप्पे मी सहाच ठेवतो: वर्गणी, जाहिरात, व्हिडिओ, रील-स्टोरी, कॉलरट्यून, डाऊनलोड. स्टेटमेंटमध्ये मात्र फॅमिली प्लॅन, स्टुडंट प्लॅन, ड्युओ, ट्रायल अशी वीस नावं येतात. त्यासाठी दुसरी एक शीट करा, 'कोष्टक'. डाव्या रकान्यात फाइलमध्ये आलेलं नाव जसंच्या तसं, उजव्यात तुमचा कप्पा. मूळ ओळींत हातानं कप्पा लिहायचा नाही. व्हीलुकअप किंवा एक्सलुकअप लावा आणि न सापडणाऱ्याला 'बाकी' म्हणायला सांगा. पुढच्या महिन्यात नवं नाव आलं तर 'बाकी'त जाऊन पडेल आणि तुम्हाला दिसेल. माझा नियम असा, की 'बाकी'त एकूण रकमेच्या १ टक्क्याहून जास्त उरलं तर पुढचं काम करायचं नाही, आधी कोष्टक भरायचं.

महिन्याचे दोन रकाने हवेतच, ऐकलेला आणि अहवालाचा. गाणं कसं चाललं हे ऐकलेल्या महिन्यावरून बघायचं, पैसे कधी वाटायचे हे अहवालाच्या महिन्यावरून. एकाच अहवालात तीन वेगवेगळ्या महिन्यांच्या ओळी असतात, कधी वर्षभर मागच्याही. आयपीआरएसचे पैसे तर हप्त्याहप्त्यानं येतात. ते ज्या महिन्यात आले त्याच महिन्यात दाखवा. बारा महिन्यांवर अंदाजानं पसरत बसू नका.

शून्य रकमेच्या ओळी पुसू नका. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा ऐकलं गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. गाणं वाजलं पण पैसे आले नाहीत, यामागं हे कारण असू शकतं. ओळ पुसलीत तर नेमकी हीच माहिती हरवते. मंडळात 'आपल्या गाण्याचे पैसे खाल्ले' असा सूर निघायला इतकं पुरतं.

यूट्यूबचे पैसे तीन वाटांनी येतात

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो, म्हणून सावकाश वाचा.

पहिली वाट: मंडळाचा स्वतःचा चॅनल, त्यावर मंडळानंच टाकलेला व्हिडिओ, त्यावरच्या जाहिराती. हे पैसे अॅडसेन्समधून येतात. ती गूगलची जाहिरातींचे पैसे देणारी सेवा. १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे निघत नाहीत, आणि निघतात तेव्हा महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या सुमारास. यांचा हक्क 'चॅनल'.

दुसरी वाट: डिस्ट्रिब्युटरनं यूट्यूब म्युझिकला दिलेलं गाणं. स्थिर मुखपृष्ठाचा व्हिडिओ आपोआप तयार होतो आणि कलाकाराच्या नावापुढं 'टॉपिक' लिहिलेल्या चॅनलवर दिसतो. हे पैसे डिस्ट्रिब्युटरच्या फाइलमध्ये. हक्क 'रेकॉर्डिंग'.

तिसरी वाट: कंटेंट आयडी. कुणीतरी लग्नाच्या व्हिडिओत, ड्रोननं काढलेल्या जत्रेच्या व्हिडिओत तुमचं गाणं वापरलं, यूट्यूबनं ते ओळखलं आणि जाहिरातीचा वाटा तुमच्याकडं वळवला. हेही डिस्ट्रिब्युटरच्याच फाइलमध्ये, पण वेगळ्या नावाच्या ओळींत. हक्क 'रेकॉर्डिंग', प्रकार 'व्हिडिओ', आणि टिपणीत 'दुसऱ्यांचे व्हिडिओ'.

आता गंमत बघा. डिस्ट्रिब्युटरकडं कंटेंट आयडी चालू केली आणि मंडळाचा स्वतःचा चॅनल सूट यादीत घालायला विसरलं, की तुमच्याच व्हिडिओवर तुमच्याच गाण्याचा दावा लागतो. अॅडसेन्सची कमाई एकदम खाली येते आणि डिस्ट्रिब्युटरच्या फाइलमधल्या कंटेंट आयडीच्या ओळी फुगतात. पैसे कुठं गेले नाहीत, फक्त वाट बदलली, वर डिस्ट्रिब्युटरचं कमिशन कापून. तीन वाटा वेगळ्या ठेवल्या असतील तर हे एका नजरेत कळतं. 'यूट्यूब' असा एकच कप्पा केला असेल तर कळायला मार्ग नाही.

बेळगावात किती आणि कोल्हापुरात किती?

हा प्रश्न आपल्याकडं दर बैठकीत निघतो, आणि त्यामागं नुसतं कुतूहल नसतं. पुढचा कार्यक्रम कुठं धरायचा, बॅनर कुठल्या भाषेत, हे त्यावर ठरतं. पण स्टेटमेंटमध्ये देश असतो, जिल्हा नसतो. कर्नाटक-महाराष्ट्राची सीमा तिथं दिसतच नाही. शहरवार माहिती हवी तर स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स आणि यूट्यूब स्टुडिओ उघडा, आणि ते आकडे वेगळ्या पानावर ठेवा. शहरवार ऐकण्याच्या प्रमाणात पैसे विभागून 'बेळगावची कमाई' काढायचा प्रयत्न करू नका. फुकट ऐकणारे कुठं जास्त आणि वर्गणीदार कुठं जास्त हे त्यातून कळत नाही, आणि वर पाहिलं तसं त्यांच्या पैशात कितीतरी पटींचा फरक असतो.

कॉलरट्यूनचे कागद मिळत असतील तर त्यात टेलिकॉम सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, दिलंय का बघा. कर्नाटक एक सर्कल, महाराष्ट्र-गोवा दुसरं. तेवढ्यापुरती राज्यांची फोड मिळेल. पण सर्कल सिमचं असतं, माणसाचं नाही, आणि सीमेवरच्या गावांत एकाच घरात दोन्हीकडची सिमं सापडतात.

सणाचा रकाना

सीमाभागातल्या गाण्यांचा धंदा पंचांगावर चालतो आणि स्टेटमेंट इंग्रजी महिन्यांवर. इथं साधी मागच्या वर्षाशी तुलना फसवते. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. ऑगस्टची ऑगस्टशी तुलना केलीत तर २०२५ मध्ये गणपतीची गाणी भलतीच गाजली असं दिसेल आणि २०२६ मध्ये आपटली असं. दोन्ही खोटं. ऑगस्ट-सप्टेंबर जोडून बघा, किंवा ऐकलेल्या महिन्याशेजारी 'सण' असा रकाना घाला.

शिवजयंतीच्या गाण्यांना आपल्याकडं दोन उंचवटे येतात. महाराष्ट्रात १९ फेब्रुवारीला, आणि बेळगावात परंपरेनं वैशाखात, तिथीप्रमाणे, चित्ररथ मिरवणुकीसकट. फेब्रुवारीत खप झाला आणि मार्चमध्ये पडला म्हणून गाणं संपलं असं समजून कुणी पुढचा खर्च थांबवत असेल तर त्याला एप्रिल-मेपर्यंत थांबायला सांगा. यल्लम्माच्या गाण्यांचं मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या आसपास बघा, विठ्ठलाच्या अभंगांचं आषाढी-कार्तिकीला. आणि हे लक्षात असू दे, की गणपतीत वाजलेल्या गाण्याचे पैसे हातात पडेपर्यंत दिवाळी उलटते. मंडळाच्या खजिनदाराला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तुलना फसवणारी दुसरी गोष्ट म्हणजे बंद पडलेल्या सेवा. रेसो भारतात जानेवारी २०२४ मध्ये बंद झालं, विंक म्युझिकही त्याच वर्षी. जुन्या फाइलींत त्यांच्या ओळी आहेत, नव्यांत नाहीत. कोष्टकात त्यांच्यापुढं 'बंद' अशी खूण करा, म्हणजे आलेखातली घसरण बघून कुणी उगाच घाबरणार नाही.

ताळा जुळवणं

वर्गवारी झाली की एकच परीक्षा: सगळ्या कप्प्यांची बेरीज मूळ फाइलच्या बेरजेइतकी आली पाहिजे, शेवटच्या दशांशापर्यंत. नाही आली तर कुठली तरी ओळ दोनदा मोजली आहे किंवा निसटली आहे. बहुतेक वेळा 'गाणी' शीटमध्ये एकच कोड दोनदा लिहिलेला असतो.

मग बँकेशी जुळवणी. इथं रक्कम एक येणार नाही, आणि यायलाही नको. मधे काय काय कापलं जातं त्याची एक छोटी यादी दर वेळी लिहा: डिस्ट्रिब्युटरचं कमिशन (वर्षाची फी घेणाऱ्यांकडं ते नसेल), पैसे पाठवण्याचा आकार, डॉलरचा त्या दिवशीचा दर, बँकेचा आकार, आणि कर. भारतातली कंपनी किंवा संस्था रॉयल्टी देताना ठरावीक मर्यादेपुढं १० टक्के टीडीएस कापते. तो तुमच्या पॅनवर जमा दिसायला हवा. यूट्यूबच्या बाबतीत अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळं झालेल्या कमाईवर तिथला कर लागतो. डब्ल्यू-८बेन फॉर्म भरून भारताशी असलेल्या कराराचा लाभ घेतला तर रॉयल्टीवर तो १५ टक्के असतो, न भरल्यास जास्त. फॉर्म भरायला दहा मिनिटं लागतात, तरी कितीतरी चॅनल तो तसाच सोडून देतात. पॅन मंडळाचं की व्यक्तीचं, जीएसटी लागतो की नाही, हे सीएला विचारा.

उणे रकमेच्या ओळी दिसल्या तर त्या चूक समजून काढू नका. आधी दिलेले पैसे एखादा दावा रद्द झाला, बनावट ऐकणी सापडली किंवा दुरुस्ती झाली म्हणून परत घेतलेले असतात. त्या मूळ गाण्याच्याच खात्यात वजा होऊ देत. एकाच गाण्यावर वारंवार उणे ओळी येत असतील तर कुणी 'व्ह्यूज वाढवून देतो' म्हणणाऱ्याला पैसे दिलेत का, हे मंडळात शांतपणे विचारा.

पिव्हट आणि वाटप

आता पिव्हट टेबल करा. ओळींत रचना क्रमांक, रकान्यांत हक्क, आत रकमेची बेरीज. ही पहिली आणि सगळ्यात उपयोगी सारणी, वाटप हिच्यावरून होतं. दुसरी: ओळींत देश आणि प्रकार, आत रक्कम आणि संख्या. तिसरी: ओळींत ऐकलेला महिना, रकान्यांत भाषा. कन्नड आवृत्ती मराठीपेक्षा जास्त कमावतेय का, हे तिसरीत दिसतं. कधी कधी उत्तर मंडळाला आवडत नाही, पण पुढचं गाणं कुठल्या भाषेत करायचं याचा निर्णय त्यावरच घ्यावा.

रंगीत आलेख, डॅशबोर्ड वगैरेच्या मागं पहिल्या वर्षी लागू नका. भजनी मंडळातल्या तात्यांना आलेख नको असतो, "माझ्या चालीचं किती?" एवढंच हवं असतं. त्यांच्यासाठी गाण्याच्या नावापुढं रेकॉर्डिंग, रचना, सादरकर्ता असे तीन आकडे आणि खाली बँकेत आलेली रक्कम, इतकं एका पानावर छापून द्या. रक्कम डॉलरमध्ये दाखवू नका, आणि रुपयांचा दर कुठल्या तारखेचा घेतला ते खाली लिहा.

वाटप रोख करत असाल तर घेणाऱ्याची सही त्याच पानावर घ्या आणि पान मूळ फाइलच्या फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा. रचनेचा वाटा देताना ज्या कवीचा पत्ता लागत नाही, त्याची रक्कम वेगळ्या ओळीत 'देणं' म्हणून पुढच्या महिन्यात ओढा, मंडळाच्या शिलकीत मिसळू नका. आणि गीतकार-संगीतकार आयपीआरएसचे सभासद नसतील तर त्यांना आधी सभासद करा. नोंद नसलेल्या नावावर पैसे येत नाहीत, मग तुमचं कोष्टक कितीही नेटकं असो.